टाळ्या न वाजवणारी शाळा

इंदू,

परवा शाळेत तुझी शोकसभा झाली आणि मी बोलले नाही. मोठ्या बाईंनी दोनदा माझ्याकडे बघितलं, हातानं खूणही केली. मी पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. एका खोलीत इतकी वर्षं राहिलेली बाई चार शब्द बोलत नाही म्हणजे काय, अशी चर्चा नंतर शिक्षकांच्या खोलीत झालीच असणार. होऊ दे. मी तुझ्याशी भांडले ते कायम तोंडावर. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून तुझ्याविषयी गोडगोड बोलणं मला जमलं नसतं, आणि ऐकताना तुलाही कसंतरीच झालं असतं.

मोठ्या बाई म्हणाल्या, इंदूबाई शिस्तीच्या भोक्त्या होत्या. मला भर सभेत हसू येतं की काय अशी भीती वाटली. शनिवारच्या कवायतीला पदराच्या गाठीत भाजक्या शेंगा बांधून आणायच्या आणि पुढच्या रांगेतल्या पोरींना गुपचूप वाटायच्या, ही तुझी शिस्त. सभा संपली, मुलींनी फुलं वाहिली आणि मल्लय्या शिपाई टोल द्यायला व्हरांड्यात गेला. त्यानं हातोडी उचलली, डावा हात वर केला आणि मैदानाकडे बघत थांबला. मैदानात कुणी नव्हतं. तरी तो थांबलाच. शेवटी मोठ्या बाईंनी मान हलवली तेव्हा त्यानं टोल दिला, तोही इतका हलका की मागच्या वर्गांना ऐकूच गेला नसेल. मग तो शिपायांच्या खोलीत जाऊन बसला आणि तेलुगूत काहीतरी पुटपुटत डोळे पुसत राहिला.

आता पहिल्यापासून सांगते. तुला सगळं ठाऊक आहे. पण मी गोष्ट रंगवून सांगते असं म्हणून तू दर वेळी मधेच तोडायचीस. आता तुला तोंड घालायची सोय नाही, तेव्हा निमूट ऐक.

दुष्काळाच्या साली आपल्या चाळीच्या नळाला पाणी येईना, तेव्हा आपण टँकरवरून हंडे भरून जिना चढायचो. मी एक आणून धापा टाकायची, तू डोक्यावर एक आणि कमरेवर एक घेऊन माझ्या पुढं. माळशिरसकडच्या शेतातली तू, तुला त्याचं काय. वर पोचल्यावर म्हणायचीस, ‘मास्तरीणबाई, तुमचं पानी बी आता आमीच प्यायचं का?’ आणि मी तुझं ‘पानी’ दुरुस्त करायची. सगळ्या शाळेला सावधान-विश्राम शिकवणाऱ्या बाईला शुद्ध बोलायला शिकवायचंच, असा माझा हट्ट होता. तू शेवटपर्यंत शिकली नाहीस.

त्याच उन्हाळ्यात तुझी पाठ धरली. हंड्यांनी धरली, यात कुणाला शंका नव्हती. लेप झाले, शेक झाले. तेल लावायला येणाऱ्या अंबव्वानं तुझ्या पोटावर हात ठेवला आणि दचकून मला हाक मारली. हे पोट हाय का वरवंट्याखालचा पाटा, असं ती म्हणाली. मीही हात लावून बघितलं. पाटाच होता. तू म्हणालीस, कवायतीचं अंग असंच असतं. आपण तिघी हसलो.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर लोकांनी चौकशी केली असती. पोस्टातला कारकून उद्यापासून छाती काढून, कमरेत कणभर न वाकता चालू लागला तर त्याला विचारतील, काय हो, काय झालं. पण तू पडलीस कवायतीची बाई. तुझी पाठ ताठली तशी शाळेत तुझी वाहवा सुरू झाली. मोठ्या बाईंनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलींना सांगितलं, उभं कसं राहावं ते इंदूबाईंकडे बघून शिका. पोरी तुझ्यासारख्या चालायला लागल्या, पाय न वाकवता, मान न वळवता. तू रांगेच्या टोकाशी उभी राहून माझ्याकडे बघत होतीस. त्या सकाळी तुला वाकून चपलेचा पट्टा लावता आला नव्हता. मी लावून दिला होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी आपण निभावून नेलं असतं. पण पुढं तुझ्या अंगाला आवाज सोसेनात. एकदा सकाळी माझ्या हातून ताट निसटलं. ते फरशीवर पडायला आणि तुझे दोन्ही पाय काठीसारखे सरळ व्हायला एकच वेळ. तू तोंडातून शब्द न काढता पलंगावर आडवी झालीस, एखादा वासा कलावा तशी. हात लावला तर हात झिडकारावा इतकं दुखत होतं. मला वाटलं धनुर्वात. डॉक्टरांनाही तेच वाटलं. दवाखान्यात तुला अंधाऱ्या खोलीत ठेवलं, दारावर पडदा लावला. पण धनुर्वातात दातखीळ बसते, आणि तू तर नर्सकडे चहा मागत होतीस, तोही साखर जास्त घालून. धनुर्वात नाही म्हटल्यावर त्यांनी तुला घरी पाठवलं.

मग ज्याला त्याला तुझं दुखणं कळायला लागलं. फोटो काढले, हाडं चांगली निघाली. रक्त तपासलं, तेही चांगलं. ज्या आजाराचं काहीच सापडत नाही तो बाईच्या मनात असतो, असं एका वयस्कर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं, आणि वय किती, लग्न का नाही झालं, असंही विचारलं. तुझा भाऊ आप्पा गावाहून आला. भला माणूस, तुझ्यासाठी जीव टाकायचा. त्यानं तुला गावी नेलं आणि एका देवऋष्यापुढं बसवलं. देवऋष्यानं शेजारी एकाएकी थाळी वाजवली आणि तू ताठलीस, तेव्हा बाहेरचं आहे हे सगळ्या गावाला पटलं. हे तू मला पुढं हसत हसत सांगितलंस. मी हसले नाही.

त्याहून वाईट झालं ते तुझ्या वहिनीनं तुला झोपेत बघितलं तेव्हा. झोपलीस की तुझं अंग सुटायचं. हात उचलला तर उचलला जायचा, पाय वाकवला तर वाकायचा, पोट मऊ. मलाही ते ठाऊक होतं. पहाटे तू एका कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन निजलेली असायचीस, आणि ते बघून मला बरं वाटायचं. वहिनीला त्यात वेगळंच दिसलं. झोपेत येतं ते जागेपणी का येत न्हाई, हे सोंगच हाय, असं ती बोलली. ते आप्पानं ऐकलं, आणि आप्पाकडून आपल्या संस्थेच्या लोकांच्या कानावर गेलं. कवायतीच्या बाईंनी सुट्टीवर जावं, पुढचं पुढं बघू, असा निरोप आला. पुढं काय बघणार होते ते आपल्याला कळत होतं. सगळं गेलं तरी चालेल पण मैदान सुटायला नको, असं तू मला कितीदा म्हणाली होतीस.

गावाहून तू एकटीच एसटीनं परत आलीस. कशी आलीस, देव जाणे. खोलीत शिरून भिंतीला धरून उभी राहिलीस. मी पोळी लाटत होते.

‘कुमुद,’ तू म्हणालीस, ‘मीच करत आसंन का गं हे?’

इंदू, आपल्या सगळ्या वर्षांत मला खरी भीती वाटली ती तेव्हा. लोक खोटं म्हणत होते तोवर ठीक होतं, लोकांशी भांडता येतं. तूच तुझ्यावर विश्वास ठेवेनाशी झालीस तर मी कुणाशी भांडू? मी लाटणं खाली ठेवलं. हळूच ठेवलं, आवाज न करता. तेव्हापासून मला तशी सवयच लागली.

मग डॉक्टर इनामदार भेटले. मुंबईहून नवेच आलेले, अंगानं सडपातळ, बोलण्यात जरा अडखळणारे. मला ते पोरसवदा वाटले आणि मी तुला परत चल म्हणून खुणावलं होतं. त्यांनी तुला तासभर तपासलं. टाळी वाजवली नाही, थाळी वाजवली नाही. मग मला विचारलं, तुम्ही एका खोलीत राहता, तर झोपेत या कशा असतात? मी तुझ्याकडे बघितलं. ह्याच एका गोष्टीनं तुझं वाटोळं केलं होतं आणि ती माझ्या तोंडून जाणार होती. तूच खाटेवरून म्हणालीस, सांग की, खरं सांग. तेव्हा मी सांगितलं की झोपेत सगळं सुटतं, अगदी लहान मुलासारखं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की. त्यांचा चेहरा असा उजळला की मला राग आला. मग त्यांनी समजावून सांगितलं. सांधा धरला असता किंवा मणका बिघडला असता तर तो झोपेतही धरलेलाच राहिला असता. इथं स्नायू चांगले आहेत, पण त्यांना आखडा म्हणून मज्जातंतूंकडून येणारा हुकूम थांबतच नाही. झोप लागली की तेवढा थांबतो. असा आजार त्यांनी पुस्तकात वाचला होता, डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते. त्याचं इंग्रजी नाव ताठलेल्या पुरुषाचा आजार अशा अर्थाचं आहे, हेही सांगितलं. तू लगेच म्हणालीस, बाईला बी हुतो म्हणून कळवा की त्यांना. कित्येक महिन्यांनी तू विनोद केलास. माझा राग तिथंच गेला.

तरी पुरावा हवा होता. त्यांनी आपल्याला मुंबईला त्यांच्या गुरूंकडे पाठवलं. ती खोली मला जशीच्या तशी आठवते. तुझ्या पाठीत, पोटात, मांडीत बारीक सुया टोचल्या होत्या, सुयांच्या तारा एका मशीनला आणि मशीनला कर्णा. स्नायू आखडला की कर्ण्यातून आवाज येतो, सैल सोडला की मशीन गप्प होतं, असं आधी सांगितलं होतं. कर्णा तडतडायला लागला. तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटतात तसा, एकसारखा. ते म्हणाले, सैल सोडा. तू म्हणालीस, सोडलंय. ते पुन्हा म्हणाले, तू पुन्हा तेच. तडतड चालूच. मग त्यांनी शिरेतून हळूहळू एक औषध द्यायला सुरुवात केली. आवाज विरळ होत गेला. मधे एखादी लाही फुटावी तसा राहिला आणि मग थांबला. तू उताणी होतीस, डोळ्यांतून पाणी वाहून कानात जात होतं, आणि पुसायला मी पुढं झाले तर माझा हात धरलास. तुझा हात मऊ होता. जागेपणी मऊ.

‘ऐकलंस न्हवं? मी काय बी करत नव्हते.’

मी मान हलवली.

त्याच औषधाच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि शाळा उघडली तेव्हा तू मैदानावर उभी होतीस. पूर्वीसारखी नाही. हातात काठी, चालणं जपून. पण उभी. डॉक्टर इनामदार स्वतः मोठ्या बाईंना भेटून सगळं सांगून आले होते. ही बाई वेडी नाही आणि सोंगीही नाही, एवढं त्यांनी सगळ्या शिक्षकांसमोर म्हटलं. एकाएकी होणारा आवाज मात्र चालायचा नाही, हेही सांगितलं. हा आजार होतो कशानं, असं मोठ्या बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, अजून कुणालाच माहीत नाही. पुढच्या वर्षी तुला मधुमेह निघाला तेव्हा ते विचारात पडले होते. हा आजार असलेल्या काहींना साखरही असते असं त्यांनी वाचलं होतं. दोघांचा काही संबंध असावा, पण काय ते सांगता येत नाही, म्हणाले. तुला त्या संबंधाशी देणंघेणं नव्हतं. चहातली साखर गेली याचंच सुतक तू महिनाभर पाळलंस.

आणि मग शाळेनं तुझ्यासाठी आपली रीत बदलली. ती कुणी ठरवली असं नाही सांगता येणार, होत गेली. मल्लय्या टोल देण्याआधी हात वर करायचा. तू मैदानातून हात वर केलास की मगच रुळाच्या तुकड्यावर हातोडी पडायची. येणार हे ठाऊक असलेला आवाज तुला सोसायचा. गिरणीच्या भोंग्याची वेळ ठरलेली, म्हणून भोंग्याशी तुझं कधीच वाकडं आलं नाही. तुझी स्वतःची शिट्टीही तुला बाधायची नाही. तुझ्या वर्गात येताना पोरी दारात दोनदा खाकरायच्या. नवीन आलेल्या मुलीला पहिल्याच दिवशी जुन्या मुली हे शिकवायच्या, प्रार्थना नंतर. टाळ्यांचं मात्र आठवीच्या पोरींनी काढलं. कुणी बक्षीस मिळवलं की टाळ्या वाजवायच्या नाहीत, दोन्ही हात वर करून बोटं नाचवायची. पहिल्यांदा सगळ्या शाळेनं तसे हात वर केले तेव्हा तू तोंड फिरवून उभी राहिलीस. आंतरशालेय सामन्यांना बाहेरचे पंच आले की चक्रावायचे. एकानं मला विचारलं, तुमची शाळा कोणत्या पंथाची आहे का? मी म्हटलं, हो, इंदूपंथाची.

ही चांगली वर्षं. यांच्याबद्दल मी देवाचे, डॉक्टरांचे आणि त्या पोरींचे उपकार मानते. पण याच वर्षांत आपलं भांडण सुरू झालं, आणि ते मिटलं नाही.

गोळीनं तुझं अंग सुटायचं आणि डोळे मिटायचे. गोळी वाढवली की तू दिवसभर पेंगायचीस. चहा कपाबाहेर ओतायचीस. मुलींची नावं विसरायला लागलीस, आणि तुला ते फार लागलं, कारण सगळ्या शाळेची नावं पाठ असणारी तू एकटीच होतीस. म्हणून तू आपल्या मनानं गोळी कमी करायचीस आणि आखडून बसायचीस. मी ओरडायची. माझं म्हणणं सरळ होतं. घरी बस, गोळी पुरी घे, जिवंत राहा. मी कमावते आहे, दोघींना पुरतं. तू एकदा भाकरी मोडता मोडता शांतपणे म्हणालीस, ‘गोळी घेतली की अंग सुटतं, पण मीच जागी नसते. मग त्या सुटल्या अंगाचं मी करू काय?’ मी म्हटलं, मेलीस तर जागी राहून काय करशील? हे मी रागात म्हटलं होतं आणि तू हसली होतीस.

गॅदरिंगच्या खेळांच्या दिवशी सकाळी तू गोळी घेतली नाहीस. ती वाटीखाली तशीच होती. मी दाखवली तर म्हणालीस, आजच्या दिवशी मला जागी राहू दे. वर्षभर बसवलेल्या कवायतीत एखादी पोर चुकली तर मला दिसायला पाहिजे. मी बोलबोल बोलले. तू केसांत आकडे खोचत ऐकून घेतलंस. शेवटी अर्धी घेतलीस, माझ्या समाधानासाठी, आणि आपण शाळेत गेलो.

कवायत सुरेख झाली. एकही पोर चुकली नाही. मांडवात पालक बसले होते, व्यासपीठावर पाहुणे. पाहुण्यांना आपल्या शाळेची रीत मोठ्या बाईंनी आधीच सांगितली होती आणि त्यांनी लक्षपूर्वक ऐकूनही घेतली होती. पण माणूस भारावतो तेव्हा ऐकलेलं विसरतो. भाषणाला उभे राहिले आणि तुझ्याबद्दलच बोलू लागले. या बाईंची जिद्द बघा, असं म्हणाले, आणि म्हणाले की यांच्यासाठी मनापासून टाळ्या झाल्या पाहिजेत. आणि स्वतःच सुरुवात केली. सगळा मांडव कडाडला. आया उठून उभ्या राहिल्या होत्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं गं. मैदानावर पोरींनी मात्र हात वर केले होते, रांगाच्या रांगा, बोटं नाचत होती, आणि तू त्यांच्याकडे बघत मांडवाकडे पाठ करून उभी होतीस. तू हात पुढं न करता पडलीस. आपण पडताना हात टेकतो, तुला तेही करता येत नव्हतं. पहिल्यांदा पोरींना कळलं. मांडवातल्या टाळ्या थांबायला वेळ लागला.

खुब्याचं हाड मोडलं. प्लास्टर, पायाला टांगलेलं वजन, दिवसरात्र उताणं. मोडक्या हाडाभोवती अंग आखडायचं तेव्हाचा तुझा आवाज मी कुणाला सांगितलेला नाही आणि इथंही सांगणार नाही. मग छातीत कफ झाला. डॉक्टर इनामदार सकाळ-संध्याकाळ यायचे. गोळी वाढवावी तर श्वास मंदावतो, कमी करावी तर छातीच ताठते, या पेचात ते होते. एरवी खाकरून आत येणारा हा माणूस दाराबाहेर तोंडावर हात घेऊन उभा असलेला मी बघितला. एका दुपारी तुला जरा बरं वाटत होतं. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘अर्ध्या गोळीवरनं बोलणार न्हाईस व्हय?’ मी म्हटलं, बरी हो, मग बोलू, आता तुला सोडत नाही. तू मान हलवलीस. तू गेलीस ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

तेव्हापासून मी तुझ्याशी मनात रोज भांडते आहे. पूर्ण गोळी घेतली असतीस तर टाळ्या सोसल्या असत्या. मग तू म्हणतेस, पूर्ण गोळी घेतली असती तर मी मांडवातल्या खुर्चीवर झोपलेली असते, ते काय जगणं. मला तू झोपलेली चालली असतीस, इंदू. अगदी रोज, दिवसभर झोपलेली. हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू चिडली असतीस, पण सांगायला हवं होतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण शोकसभा नाही. आज शाळा सुटल्यावर डॉक्टर इनामदार फाटकाशी उभे होते. माढ्याकडची एक बाई त्यांच्याकडे दाखल आहे, सरूबाई नावाची. दोन वर्षं तिला घरच्यांनी देवाच्या दारी बांधून ठेवलं होतं. डॉक्टरांनी तिला व्हरांड्यातून चालत येताना बघितलं आणि तपासण्याआधीच ओळखलं. इंदूबाईंना बघितलं होतं म्हणून ओळखता आलं, म्हणाले, आणि त्यांच्यासोबत तुम्ही होतात. पण ती गोळी घेत नाही. मला काही झालेलं नाही, मीच सोंग करते, असं आता तीच सांगते. तुम्ही येता का?

मी दारात दोनदा खाकरले. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. वयानं आपल्याएवढीच असेल. मी तिच्या पोटावर हात ठेवला. तसाच पाटा. मग मी तिला तुझी गोष्ट सांगितली. चपलेचा पट्टा, अंबव्वा, देवऋषी, तडतडणारं मशीन. मशीन गप्प झालं आणि माझी मैत्रीण काय म्हणाली तेही सांगितलं. तेव्हा तिनं हळूहळू तोंड वळवलं. मैदान सांगितलं, शिट्टी सांगितली. टाळ्या सांगितल्या नाहीत. गोळीनं लई झोप येती म्हणत्यात, असं ती म्हणाली, आणि मी काय बोलले असेन? म्हटलं, येते. मग डॉक्टरांशी भांडायचं. आपल्याला किती जागं राहायचंय ते आपण सांगायचं. हे मी म्हटलं, इंदू. डॉक्टर माझ्याकडे बघतच राहिले.

तिनं छताकडे बघत विचारलं,

‘त्या बाई आता कशा हायेत?’

डॉक्टरांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मी म्हटलं, ‘बऱ्या आहेत. शाळेतच असतात.’

तिनं गोळी घेतली. पाणी मी पाजलं. निघताना तिनं माझं बोट धरून ठेवलं आणि म्हणाली, हिंडाया-फिराया लागले की पहिली त्यांना बघाया येते, त्यांना सांगा. मी सांगते म्हटलं, म्हणून हे सांगितलं. डॉक्टर म्हणतात, औषध लागू पडेल, महिनाभरात ती मोकळी चालेल. म्हणजे ती येणार. आणि ती आली की मी तिला कुणाकडे नेऊ?